अंगावर मूठभर मांस चढवायचंय (उंची पाच फूट तीन इंच, वजन ४२ किलो)

चौथी_सीट | १४ सप्टेंबर, रात्री ११.२०

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

वय २७. राहायला डोंबिवली, नोकरी लोअर परळला. वजन ४२ किलो, कॉलेजात होते तेव्हाही एवढंच होतं. बाबाही असेच शिडशिडीत. गणपतीत आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर होतं. सगळ्यांबरोबर मीही रांगेत उभी राहिले. काट्यावर उभं केल्यावर तिथल्या ताई म्हणाल्या, "४५ च्या खाली घेत नाही गं. तब्येत सुधार, पुढच्या वेळी ये." नियम आहे, त्यांचं काही चुकलं नाही. पण मागे उभे असलेले दोघं-तिघं हसले आणि ते हसणं अजून मनातून जात नाही.

लोकलमध्ये "तू बारीक आहेस, तू सरक" म्हणत तिघींच्या बाकावरची चौथी सीट कायम मला देतात. मुलुंडपर्यंत नुसती टेकलेली असते, बसायला हाडं लागतात. घरी स्थळं येतात, त्यांनाही मुलगी फार बारीक वाटते. आई म्हणते, खाल्लेलं हिच्या अंगीच लागत नाही. मी खरंच भरपूर खाते. दोन महिने रोज चार केळी खाऊन पाहिली, एक महागडा पावडरचा डबा संपवला. काटा हलत नाही.

मला जाड व्हायचं नाहीये. ४५ किलो व्हायचंय आणि पुढच्या शिबिरात रक्त द्यायचंय. कुणाला स्वतःचा अनुभव असेल तर सांगा.

निळा_समुद्र | १५ सप्टेंबर, सकाळी ८.०५

अहो, लोक वजन उतरवायला हजारो रुपये मोजतात! तुम्हाला देवाने आयतं दिलंय. मनाला लावून घेऊ नका, लग्नानंतर आपोआप भरतं अंग.

चौथी_सीट | १५ सप्टेंबर, सकाळी ८.४०

तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंय हे कळतंय. पण जाड माणसाला तोंडावर "किती जाड आहेस" म्हणताना लोक आता जरा तरी कचरतात. बारीक माणसाला मात्र मनगट पकडून, बोटांचं कडं करून दाखवतात. जिने चढताना मला दम लागतो, दर महिन्याला सर्दी होते. हे आयतं मिळालेलं सुख नाही.

वरणभात | १५ सप्टेंबर, दुपारी २.१०

पेशाने आहारतज्ज्ञ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझा बीएमआय १६.४ येतो. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, असा साधा हिशेब. १८.५ च्या खाली म्हणजे कमी वजन. तुझ्या उंचीला १८.५ गाठायला साधारण साडेसत्तेचाळीस किलो लागतात. म्हणजे ४५ हा पहिला टप्पा धर. तिथे थांबू नकोस.

लाडू, तूप सगळं नंतर. आधी डॉक्टरकडे जा. वर्षानुवर्षं एकच वजन असणं वेगळं आणि सहा महिन्यांत चार-पाच किलो उतरणं वेगळं. तुझं पहिल्या प्रकारातलं दिसतंय, घरात तशी अंगकाठीही आहे, तरी एकदा तपासून घ्यावं. हिमोग्लोबिनसकट सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), थायरॉइडसाठी टीएसएच, साखर. थायरॉइड जास्त धावत असेल तर कितीही खा, वजन टिकत नाही. पोट वारंवार बिघडत असेल तर तेही सांग. जंत असतात, कधी ग्लूटेन न सोसणारा सिलिअॅक आजार असतो. पाळी नियमित येते का? जेवण नकोसं वाटतं का, की भूक लागते पण वेळ मिळत नाही? हे प्रश्न इथे उत्तर देण्यासाठी नाहीत, डॉक्टरांसमोर लाजू नकोस म्हणून लिहिले.

दुसरं काम वहीचं. तीन दिवस तोंडात जे जाईल ते लिही. दोन कामाचे दिवस, एक रविवार. पोळ्या किती, वाटी केवढी, चहा किती, डबा किती परत आला. "भरपूर खाते" म्हणणाऱ्या बारीक माणसांच्या वह्या मी बऱ्याच पाहिल्यात. कुणी खोटं बोलत नाही. एखाद्या लग्नातलं भरपेट जेवण लक्षात राहतं, आणि त्यानंतर दोन दिवस भूकच लागली नव्हती हे विसरतं.

भांडुपकर | १५ सप्टेंबर, रात्री १०.३०

वरणभात ताईंना अनुमोदन. तपासणीबद्दल माझ्या घरातलं सांगतो.

माझा धाकटा भाऊ मुळातच किडकिडीत. त्यामुळे तो ५२ वरून ४६ वर आला तेव्हा घरात कुणाच्या लक्षातच आलं नाही. "तो बारीकच आहे" हे वाक्य आम्ही इतक्या वेळा म्हटलं होतं की त्याच्यामागे काही लपलं असेल असं मनात आलं नाही. संध्याकाळी बारीक ताप यायचा, खोकला तीन आठवडे होता. तो आम्ही पावसाळ्याच्या खाती टाकला. टीबी निघाला. थुंकीची तपासणी आणि सहा महिन्यांची औषधं सरकारी यंत्रणेतून मोफत झाली. पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला पैसे खात्यात येतात. २०१८ मध्ये ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० केलेत.

आमच्या डॉक्टरांनी तेव्हा झारखंडमधल्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल सांगितलं होतं, २०२३ मध्ये तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. टीबीच्या रुग्णांच्या घरच्यांना नीट शिधा दिला, तर त्या घरांतले नवे टीबी जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी झाले. औषध नव्हे, नुसतं धान्य-डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. कमी वजन म्हणजे फक्त दिसण्याचा प्रश्न नाही, हे मला तेव्हा कळलं.

भाऊ आता ५६ आहे. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, यातलं काही असेल तर एक दिवसही थांबू नका.

वाशीकर | १६ सप्टेंबर, सकाळी ९.१५

आमच्याकडे एका दुकानात सुटी पावडर मिळते, "देशी" म्हणून. माझ्या मित्राचं एका महिन्यात सहा किलो वाढलं, गाल वर आले. पत्ता हवा असेल तर मला निरोप टाका.

वरणभात | १६ सप्टेंबर, सकाळी ९.५०

वाशीकर, कृपया पत्ता कुणालाही देऊ नका, आणि मित्राला आजच डॉक्टरकडे पाठवा. महिन्यात सहा किलो आणि तेही गालांवर, हे जेवणाने होत नाही. अशा बिनलेबल पावडरींमध्ये स्टेरॉइड किंवा भूक वाढवणारी औषधं मिसळलेली सापडली आहेत. स्टेरॉइडने अंगात पाणी साठतं, चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. आणि बरेच दिवस घेतल्यावर एकदम बंद करणंही धोक्याचं, म्हणून बंद करायचं तेही डॉक्टरांच्या देखरेखीत.

लेबल असलेल्या "मास गेनर"च्या, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरींच्या डब्यांवर मागची बाजू वाचा. बहुतेकांत मोठा वाटा माल्टोडेक्स्ट्रिनचा, म्हणजे स्टार्चपासून केलेल्या स्वस्त पिठाचा असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत प्रोटीन पावडरी टाळायलाच सांगितलंय.

वाशीकर | १६ सप्टेंबर, सकाळी १०.२०

मला हे माहीत नव्हतं. मित्राला फोन केला, उद्या त्याच्याबरोबर जातोय. आभार.

चौथी_सीट | २१ सप्टेंबर, रात्री १०.४५

वही लिहिली. खरं सांगते, हात थबकला लिहिताना.

सोमवार. सकाळी सहा वाजता चहा, दोन मारी. ऑफिसात पोचल्यावर चहा. दीड वाजता डबा: तीन पोळ्या, भेंडीची भाजी. साडेचारला चहा. सहाला स्टेशनबाहेर वडापाव. घरी पोचायला पावणेनऊ, आंघोळ करून दहाला जेवण: दोन पोळ्या, भाजी, वाटीभर भात, आमटी. मंगळवारी मीटिंग लांबली, अर्धा डबा परत आला, वडापावही नाही. रविवारी मात्र आईच्या हातचं दोन्ही वेळा पोटभर, बांगडा, सोलकढी, दुपारी झोप.

मला आठवत होता तो फक्त रविवार.

वरणभात | २२ सप्टेंबर, दुपारी १.३०

प्रामाणिकपणे लिहिलंस, निम्मं काम झालं.

सोमवारचे साधारण १५०० कॅलरी होतात, मंगळवारचे हजार-अकराशे. रविवारचे दोन हजारांच्या वर. तुझ्या धावपळीला १६००–१७०० तर वजन आहे तिथे राखायलाच लागतात. म्हणजे रविवार जे भरतो ते मंगळवार काढून घेतो. अंगी लागत नाही असं नाही, अंगापर्यंत पोचतच नाही. प्रोटीनही ३५ ग्रॅमच्या आसपास, तुझ्या वजनाला ती किमान गरज आहे. वाढायचं तर ५५–६० कडे न्यायला हवं.

सकाळी सहा ते दीड, साडेसात तास तू दोन बिस्किटांवर काढतेस! मुंबईत लोक बारीक राहतात ते पुष्कळदा लोकलच्या वेळापत्रकामुळे. आणि भूक लागली की चहा. चहा भूक मारतो, वर जेवणाबरोबर घेतला तर अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही.

जेवणं बदलू नकोस. त्यांच्या मधली रिकामी जागा भर. रोजचे ४०० कॅलरी जास्त, एवढंच:

सकाळी चहाच्या जागी मोठा पेला सायीच्या दुधाचा आणि एक केळं. (दूध-केळं विरुद्ध आहार मानत असाल तर केळं तासाभराने खा. शिकरणावर आपल्या पिढ्या वाढल्यात, मला त्यात अडचण दिसत नाही.) ऑफिसात साडेदहाला दोन शेंगदाण्याचे लाडू. डब्यात भाजीबरोबर एक दिवसाआड उसळ, आणि पोळीला दोन चमचे तूप. चमचाभर तुपात ४५ कॅलरी असतात आणि पोट जड होत नाही. संध्याकाळी वडापाव आवडतो तर आठवड्यातून दोनदा खा, बाकी दिवस दोन उकडलेली अंडी, नाहीतर फुटाणे आणि खजूर. जेवणाआधी पाणी पिऊन पोट भरू नकोस.

कागदावर ७७०० कॅलरी म्हणजे एक किलो, म्हणजे ४०० जास्त खाल्ले की तीन आठवड्यांत किलो. शरीर असा हिशेब पाळत नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत १६ जणांना आठ आठवडे रोज हजार कॅलरी जास्त खायला घातल्या. कुणाची चरबी चार किलोंनी वाढली, कुणाची अर्धा किलोही नाही. ज्यांची वाढली नाही ते नकळत जास्त हलत होते, पाय हलवणं, उठबस, येरझारा. तूही त्यांच्यातली असशील. म्हणून महिन्याला अर्धा-पाऊण किलो वाढलं तर पुष्कळ समज. काट्यावर आठवड्यातून एकदाच उभी राहा, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर.

गिरगावची_मावशी | २२ सप्टेंबर, संध्याकाळी ५.००

पोरी, लाडवांचं मी सांगते.

पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर भाज. घाई केलीस तर बाहेरून करपतात, आतून कच्चे राहतात आणि लाडू दोन दिवसांत खवट लागतो. गार झाल्यावर सालं चोळून पाखडून घे. पन्नास ग्रॅम तीळ वेगळे भाज, तडतडले की उतरव. दीडशे ग्रॅम चिकीचा नव्हे, साधा मऊ गूळ किसून घे. कूट जाडसर ठेव, मिक्सर थांबत-थांबत फिरव, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. सगळं एकत्र करून वरून चमचाभर तूप, वेलची. गरम गूळ-पाक काही नको, हाताच्या उबेनेच वळतात. सोळा होतील. आठवडाभर दोन-दोन खा, उरलेले दोन घरात ज्याला हवे त्याला.

थंडी पडली की डिंकाचे कर. आताच नको, ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात सोसत नाहीत.

वरणभात | २२ सप्टेंबर, संध्याकाळी ५.४०

मावशी, हिशेब केला. एका लाडवात दीडशे कॅलरी आणि साडेचार ग्रॅम प्रोटीन. याहून चांगली पावडर बाजारात नाही.

जोर_बैठका | २३ सप्टेंबर, सकाळी ६.३०

खाण्याचं उत्तम चाललंय, पण नुसतं खाऊन जे वाढेल ते पोटावर बसेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. आपण भारतीय बारीक दिसतो पण स्नायू कमी, चरबी जास्त, आणि मधुमेह त्याच वाटेने येतो. तेव्हा बारीक माणसाने साखर आणि तळण खाऊन वजन वाढवणं म्हणजे एक दुखणं घालवून दुसरं आणणं.

दादरला शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब करणारी मुलं पाहा. त्या संस्थेच्या उदय देशपांडे सरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. ती पोरं अंगाने बारीकच असतात, पण एकेकाच्या खांद्यात आणि दंडात केवढी ताकद!

तुम्हाला आठवड्यातून तीन दिवस, पंचवीस मिनिटं पुरेत. बैठका, भिंतीला हात टेकून जोर, जमले की जमिनीवर. पाठीसाठी दप्तरात दोन लिटर पाण्याच्या बाटल्या घालून ओढायचं, खालून कमरेपर्यंत. दर आठवड्याला बैठका-जोर दोनने किंवा थोडं वजन वाढवत जा. जे काल जमलं तेवढंच रोज केलं तर स्नायूला वाढायचं कारण उरत नाही. आणि झोप! दहाला जेवून साडेबाराला झोपून पाचला उठणाऱ्याचं अंग भरत नाही.

चौथी_सीट | १९ ऑक्टोबर, रात्री ९.३०

रिपोर्ट आले. टीएसएच आणि साखर व्यवस्थित. हिमोग्लोबिन १०.६. डॉक्टरांनी जंताची एक गोळी आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. जिन्यावरचा दम यामुळेच असावा म्हणाले.

वजन ४२.४.

पहिला आठवडा फार जड गेला. साडेदहाला लाडू घशाखाली उतरेना. मग पहिला साडेनऊला आणि दुसरा साडेअकराला खाल्ला, तेव्हा जमलं. बाजूच्या टेबलावरची मैत्रीणही आता एक मागून घेते, म्हणून आई जास्तच बांधून देते. बैठका दहापासून सुरू केल्या, वीस होतात.

वरणभात | २० ऑक्टोबर, दुपारी १.००

दम लागण्याचं मूळ सापडलं हे फार बरं झालं. गोळी आणि चहात किमान तासाभराचं अंतर ठेव, गोळीबरोबर लिंबूपाणी चालेल. आमटीवर, उसळीवर लिंबू पिळत जा.

चौथी_सीट | ७ डिसेंबर, रात्री १०.००

४३.६. मध्ये आठवडाभर ताप आला तेव्हा अर्धा किलो उतरलं आणि मी खूप रडले. आईने मेतकूट-भात-तूप देऊन परत वर आणलं. भिंतीवरचे जोर आता पलंगाच्या कडेवर करते.

भांडुपकर | ८ डिसेंबर, सकाळी ७.५०

आजारात उतरतंच. भावाचंही असंच दोन पावलं पुढे, एक मागे चाललं होतं. वही चालू ठेवा.

चौथी_सीट | २० फेब्रुवारी, रात्री ८.१५

धागा वर काढतेय.

काल शिवजयंतीचं शिबिर होतं. वजन ४५.३. ताईंनी काटा पाहिला, वहीत लिहिलं आणि काही न बोलता पुढे पाठवलं. त्यांच्यासाठी ते रोजचंच, पण माझे डोळे भरून आले.

पुढच्या टेबलावर बोटाला टोचून हिमोग्लोबिन पाहिलं. ११.९. साडेबारा लागतं. परत फिरले.

या वेळी वाईट नाही वाटलं. ऑक्टोबरमधल्या १०.६ वरून ११.९ आलंय. डॉक्टरांनी गोळ्या आणखी तीन महिने चालू ठेवायला सांगितल्यात. कालच्या लोकलमध्ये चौथी सीट होती, तरी परळपर्यंत बसून आले, हाडं लागली नाहीत.

मावशी, तुम्ही थंडीत डिंकाचे लाडू सांगितले होते, ते दोनदा झाले. आता उन्हं वाढलीत. लोहासाठी अळीव चांगले म्हणतात ना? मी दुधात भिजवले तर गिळगिळीत झाले आणि आईने टाकून दिले.

गिरगावची_मावशी | २० फेब्रुवारी, रात्री ९.००

अगं, दुधात नाही भिजवायचे. एक नारळ फोड, त्याचं पाणी वाटीत धर, त्यात पाव वाटी अळीव चार तास ठेव. फुलून गिळगिळीत होणारच, तसेच हवेत. मग त्याच नारळाचं ओलं खोबरं खवून आणि त्याच्या निम्मा गूळ घालून कढईत मंद आचेवर परतत बस, कडा सुटेपर्यंत. कोमट असतानाच वळ. ओल्या खोबऱ्याचे आहेत, फ्रिजमध्ये ठेव आणि पाच दिवसांत संपव. दिवसाला एक पुरे, गोळ्या सोडू नकोस. आईला सांग, टाकायच्या आधी मला विचार.